कीटक आणि औषधविद्या



सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्यात मांघर हे गाव आहे. तेथील बहुतेक कुटुंबे मधमाशा पाळतात; म्हणून २०२२ साली ते देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. जखमेवर मध लावण्याची चाल जुनीच आहे. तिचे रहस्य मधमाशीच्या देहात आहे. मकरंदाचा मध करताना ती आपल्या ग्रंथींतील एक विकर त्यात मिसळते. जखमेच्या ओलाव्याने मध पातळ झाला, की त्या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू तयार होते व जंतू मरतात.

कीटकांच्या रक्तात आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. मग ते रोगजंतूंशी झुंजतात कसे? स्वीडनचे शास्त्रज्ञ हान्स बोमान यांनी सेक्रोपिया पतंगाच्या कोषात जंतू टोचून पाहिले, तेव्हा त्यात जंतुनाशक द्रव्ये उत्पन्न झाली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या ‘सेक्रोपिनां’मुळे नव्या औषधांच्या शोधास दिशा मिळाली. जुन्या औषधांना जंतू दाद देईनासे झाले असता या शोधाचे मोल मोठे आहे.

तथापि द्रव्य म्हणजे औषध नव्हे. मधमाशीच्या विषातील मेलिटिन जंतूंप्रमाणे मानवी पेशीही फोडते. मधदेखील एक वर्षाच्या आतील बालकास चाटवू नये.

सांगली जिल्ह्यातील तासगावच्या द्राक्षबागांत फवारणी होते, तेव्हा किडीबरोबर निरुपद्रवी कीटकही मरतात. अभ्यासापूर्वीच नष्ट झालेला कीटक आपले गुपित घेऊन जातो. यास्तव मुलांना कीटक मारण्यास नव्हे, तर दुरून निरखून वहीत नोंदविण्यास शिकवावे.