डावे-उजवे ठरते कसे?

श्रोतेहो, पहिला जोराचा पाऊस झाला की महाड-पोलादपुराकडे वलगण लागते. सावित्रीचे मासे ओढ्यांतून भातखाचरांत चढतात व अंडी घालतात. मग खाचराच्या पाण्यात सुतासारखी बारीक पिल्ले दिसू लागतात. अशा एवढ्याशा पिलाच्या मेंदूतही डावे-उजवे असते, हे ठाऊक आहे का तुम्हांला?

आपले काळीज डावीकडे, यकृत उजवीकडे. मेंदूच्याही दोन बाजू अगदी सारख्या नसतात. ही वाटणी होते कशी, याचा शोध शास्त्रज्ञांनी झेब्रा मासा या दीड इंची, पट्टेदार माशावर घेतला. हा आपल्याच देशातला, भातखाचरांतही राहणारा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली त्याचे वर्णन केले. आज मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथेही त्यावर संशोधन चालते. त्याचे अंडे काचेसारखे पारदर्शक. मेंदू घडताना सूक्ष्मदर्शकातून दिसतो.

काय दिसते? पहिल्याच दिवशी मेंदूच्या माथ्याशी ‘नोडल’ या प्रथिनाचा संदेश फक्त डावीकडे सुरू होतो. दुसऱ्या दिवशी मध्यावरच्या पेशींचा एक लहानसा पुंजका डावीकडे सरकतो. त्याच्या शेजारचा ‘हॅबेन्युला’ हा भाग मग उजवीकडच्या जोडीदाराहून निराळा घडतो. पुढे पिलात डावा भाग मुख्यतः उजेडाची खबर घेतो, उजवा वासाची.

आता गंमत ऐका. नोडलचा संदेश मिळालाच नाही तर? दोन्ही बाजू सारख्या होतील, असे आपण म्हणू. पण तसे होत नाही! पुंजका सरकतोच, मात्र निम्म्या पिलांत डावीकडे, निम्म्यांत उजवीकडे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे दिसले. म्हणजे दोन बाजूंनी वेगळे व्हायचे, ही एक गोष्ट. कोणती बाजू कोणती व्हायची, ही दुसरी.

गुरुजनहो, माणसाचा डावखुरेपणाही नोडलच ठरवतो, असा अर्थ मात्र काढू नका. ते कोडे वेगळे आहे. पण शंभरांत दहाएक माणसे डावखुरी असतात, आणि कोणत्या हाताकडे ओढ आहे हे पुष्कळदा आईच्या पोटातच दिसू लागते. तेव्हा ती खोड नव्हे, घडण आहे. वर्गातले एखादे पोर डाव्या हाताने लिहीत असेल, तर पेन्सिल काढून उजव्या हातात देऊ नका. अक्षर पाहा, हात पाहू नका.