रातांब्याला कुऱ्हाड लागण्याआधी



आता घरोघरी खळ्यात रातांबे फोडायचं काम चालू असेल. हात लालेलाल झाले असतील. काम थांबवू नका, हात चालवत ऐका.

हे झाड मूळचं फक्त पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलं. आपलं कोकण, गोवा आणि खाली कर्नाटक-केरळ. रानातून ते आपल्या परड्यात आलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आणि हेच झाड आपल्याकडे जळाऊ लाकडाच्या भावात जातं!

गटाच्या बैठकीत आम्ही हे नेहमी ऐकतो. लाकूडवाला येतो, घरातल्या पुरुषांशी बोलतो. बाई बाजारातून येईपर्यंत झाड आडवं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "नर होता, फळ कुठे धरत होता?"

तर आधी नराचं बोलू. रातांब्यात बहुतेक नर झाड वेगळं, मादी वेगळी. बी रुजवून झाड केलं तर फुलायला सात-आठ वर्षं जातात, तेव्हा कुठे कळतं. साधारण निम्मी नर निघतात. पण मादीला पराग नराचाच लागतो. म्हणून तर मादी कलमांबरोबर थोडी नर कलमंही लावायला सांगतात. वाडीत एकच नर असेल तर त्याला हात लावू देऊ नका.

नवीन लावायचं तर कलमच लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली 'कोकण अमृता' ही जात दिली. तिचं फळ लवकर तयार होतं, पावसाआधी हाती येतं. एकदा पाऊस लागला की फळ कुजतं आणि आमसुलं वाळत नाहीत, हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं!

सालीची आमसुलं, रसाचं आगळ हे आपण करतोच. बी मात्र मिळेल त्या भावाला देऊन टाकतो. त्या बियांत साधारण चौथा हिस्सा तेल असतं. भेगांना लावतो तेच, थिजलेलं. सौंदर्यप्रसाधनांत ते वापरतात. बिया धुऊन, कडक वाळवून गटाने एकत्र विकल्या तर भावाचं बोलता तरी येतं.

गटाच्या वहीत एक पान करा. कुणाकडे किती झाडं, नर किती, मादी किती, गेल्या साली आमसुलं किती किलो झाली, पैसे किती आले. लाकडाचा सौदा निघाला की ते पान घरच्यांपुढे ठेवा. आमच्याकडे एका काकूंनी तसं केलं. तीन झाडांचा सौदा ठरला होता. एक गेलं, दोन राहिली.