नेमबाजाची नळी: बदलण्यापूर्वी आणि निवडताना



वसईच्या माणसाला बंदुकीच्या नळीची गोष्ट परकी वाटू नये. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसईचा कोट जिंकला, तेव्हा तटाच्या दोन्ही बाजूंनी ज्या बंदुका चालल्या, त्या बहुतेक सगळ्या आतून गुळगुळीत नळीच्या होत्या. शिशाची गोल गोळी त्या नळीत किंचित सैल बसे आणि बाहेर पडताना ज्या बाजूला शेवटचा धक्का लागला असेल त्या दिशेला जाई. शंभर पावलांपलीकडच्या एका माणसावर नेम धरणे हा बराचसा नशिबाचा भाग होता. वसईचा बुरूज अखेर कोसळला तो सुरुंगांनी. बंदुकीच्या नेमाने नव्हे.

नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, हे जर्मन कारागिरांना इ. स. १५०० च्या सुमारास उमगले होते. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, तेच हे तत्त्व. परंतु अशी नळी महाग पडे आणि तोंडाकडून ठासायला वेळ लागे, म्हणून सैन्यांनी ती शतकानुशतके दूर ठेवली. आजच्या .२२ रायफलीत या खाचांचा पीळ साधारणपणे १६ इंचांत एक फेरा असा असतो. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर धरला, तर ती सेकंदाला आठशे फेऱ्यांच्या गतीने फिरत निघते आणि ५० मीटरवरच्या कागदापर्यंत पोहोचताना स्वतःभोवती सव्वाशेच्या आसपास गिरक्या घेते. या गिरक्या प्रत्येक गोळीच्या बाबतीत सारख्याच व्हाव्यात, एवढ्यासाठी नळीचा सारा खटाटोप.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले. १९५२ च्या हेलसिंकीतील खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारा हा पहिलाच महाराष्ट्रीय खेळाडू. शिक्षकाच्या घरातला मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. त्यांचे अंतिम फेरीतील गुण ४५१.४, तेही ४४ गोळ्यांत. म्हणजे दर गोळीला सरासरी १०.२६. हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे, कारण नळीचा सगळा हिशेब त्यातच आहे.

५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीच्या छिद्राची कड वर्तुळाला नुसती स्पर्शली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छिद्राचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की झाले. त्यापुढे दशांशाचा प्रत्येक गुण ०.८ मिलिमीटरचा. ८ मिलिमीटर ही चूक रायफलीच्या एक मीटर लांबीवर मोजली, तर ती जेमतेम ०.१६ मिलिमीटर भरते. पुढची माशी एका मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाइतकी हलली की दहाचा नऊ होतो. म्युनिक येथे २०१० च्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी पडून नेम धरण्याच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकावले. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले!

आता प्रश्न वसई-विरारच्या घरांचा. येथील एखादी मुलगी एनसीसीत प्रथम रायफल हाती घेते, मुंबईच्या वा पनवेलच्या प्रशिक्षणाला जाऊ लागते, राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचते आणि तेथे तिचे गुण अडतात. वर्षभर ५७० च्या पुढे काटा सरकत नाही. मग कोणीतरी सांगते की नळी जुनी झाली, परदेशी नवी बसवा. आयात नळी, तिच्यावरचा कर आणि ती बसवण्याची मजुरी यांची बेरीज मध्यमवर्गीय घराच्या वर्षाच्या शिलकीवर येऊन बसते. आईवडील मुलीच्या डोळ्यांकडे पाहून नाही म्हणू शकत नाहीत. आणि नळी बदलूनही गुण तेथेच राहिले, तर घरात पैशापेक्षा मोठी गोष्ट जाते: त्या मुलीचा स्वतःवरचा विश्वास.

म्हणून निवडण्याच्या आधीची पायरी महत्त्वाची. रायफल शिकंज्यात घट्ट धरून ५० मीटरवर काडतुसांची चाचणी घ्यावी. माणूस बाजूला झाला की उरते ती नळी आणि काडतूस. गोळ्यांच्या छिद्रांचे मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात सामावले, म्हणजे बाहेरच्या कडांपासून कडांपर्यंत साधारण साडेएकवीस मिलिमीटर भरले, तर ती रायफल आपल्या दोषाने एकही दहा घालवीत नाही. अशा रायफलीवर ५७० पडत असतील, तर तीस गुण उभे राहण्यात, श्वासात, चाप ओढण्यात आणि वाऱ्याच्या अंदाजात आहेत. तेथे नळी बदलणे म्हणजे ताप आला म्हणून तापमापक बदलणे होय.

वर्तुळ मोठे आले तरी लगेच नळीला दोषी ठरवू नये. .२२ च्या काडतुसांचे प्रत्येक उत्पादन-सत्र, ज्याला नेमबाज ‘लॉट’ म्हणतात, वेगळे वागते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन पेट्यांपैकी एक या नळीला मानवते, दुसरी मानवत नाही. गोळीच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तरी ५० मीटरवर ती सात-साडेसात मिलिमीटर वर किंवा खाली लागते. म्हणूनच इंग्लंडमधील एली, तसेच लापुआ आणि आरडब्ल्यूएस या उत्पादकांच्या चाचणी केंद्रांत जगभरचे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात आणि वेगवेगळ्या लॉटची पेटी-पेटी तपासून एकाच लॉटची हजारो काडतुसे घेऊन येतात. आपल्याकडे तेवढी सोय प्रत्येकाला नाही, पण क्लबमधल्या चार-पाच नेमबाजांनी वेगवेगळे लॉट थोडे थोडे घेऊन वाटून तपासणे अशक्य नाही. नळीच्या किमतीच्या अंशात हा प्रयोग होतो.

अनेक लॉट तपासले आणि तरी छिद्रे पसरतच राहिली, तर मात्र नळीकडे वळावे. प्रथम तिचे तोंड पाहावे. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्या मागचा वायू चोहोबाजूंनी सारखा सुटला पाहिजे. तोंडाच्या कडेला एखादा ओरखडा असेल, तर तो गोळीला एका बाजूने ढकलतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून कापसाचा बोळा तोंडाच्या आतल्या कडेवरून फिरवला, तर जेथे खरवड असेल तेथे तंतू अडकतात. हा दोष पुष्कळदा नेमबाजाच्याच हातून झालेला असतो, तोंडाकडून साफसफाईचा गज घालण्याच्या सवयीमुळे. दुसरे, काडतूस बसते त्याच्या लगेच पुढचा भाग झिजलेला किंवा काजळीने कडक झालेला असतो. साफ केल्यावरच त्याचा खरा चेहरा दिसतो. तिसरे, गंज. किनाऱ्यावरची खारी दमट हवा चार महिन्यांच्या पावसात पेटीच्या आतसुद्धा शिरते. तेलाचा हलका हात आणि ओलावा शोषणारी पुडी यांचा खर्च किरकोळ, पण त्याअभावी उत्तम जर्मन पोलादही पावसाळ्यात काळवंडते. एरवी .२२ ची शिशाची मऊ गोळी नळीला फार झिजवीत नाही. चांगली नळी दहा हजारांच्या पटीत गोळ्या झेलते.

नवी नळी घ्यायचीच ठरली, तर निवडीचा मुख्य निकष एकच: आतला व्यास टोकापासून टोकापर्यंत सारखा हवा आणि फरक असलाच तर तो तोंडाकडे किंचित अरुंद होत जाणारा हवा, रुंद होणारा नको. वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत लेथवर उभे राहिलेल्या कारागिरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. उत्तम नळी करणारे हवेच्या दाबाच्या मापकाने हा व्यास इंचाच्या दहाहजाराव्या हिश्शापर्यंत, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंत पाहतात. खाचा पाडण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. एकात एक बारीक पातळ कातण पुन्हा पुन्हा फिरवून खाच कोरतात, दुसरीत कठीण धातूची गुंडी दाबून खेचतात, तिसरीत साच्याभोवती नळी बाहेरून ठोकतात. कोणती रीत श्रेष्ठ यावर नेमबाजांत वर्षानुवर्षे वाद चालतात. तो वाद त्यांना लखलाभ असो! खरे पाहायचे ते पुढचे काम: पोलादातील अंतर्गत ताण उष्णतेने काढला आहे का, आणि नळीत शिसे ओतून बनवलेल्या दट्ट्याला घासपूड लावून आतला पृष्ठभाग हाताने घासून घेतला आहे का. ताण राहिलेली नळी तापली की वाकते, आणि चाळिसाव्या गोळीनंतर छिद्रे एका बाजूला सरकू लागतात.

लांबीविषयी एक गैरसमज दृढ आहे. .२२ ची दारू इतकी थोडी असते की सुमारे ४० ते ४८ सेंटिमीटरमध्ये ती आपले काम संपवते. त्यापुढची नळी गोळीला घर्षणच देते. लांब नळीचा फायदा माशी डोळ्यापासून दूर जाण्यात आहे, आणि तो आखूड नळीला पोकळ नळकांडे जोडूनही मिळतो. जाड नळी कमी थरथरते, पण पुरुषांच्या ५० मीटर रायफलीला ८ किलोची मर्यादा आहे आणि हे वजन उभ्या स्थितीत खांद्यालाच पेलावे लागते. सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात काय पेलते, ते तिने उभे राहूनच ठरवावे. पोलादापुरते सांगायचे, तर समुद्राजवळ राहणाऱ्याने स्टेनलेस घेतले तर थोडी निर्धास्तता, पण तेही गंजते.

जर्मनीच्या लोथर वाल्थर, अमेरिकेच्या लिल्या आणि शिलेन या नावांना मान आहे. आनशुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ हे रायफल-निर्माते आपल्याच नळ्या देतात. परंतु नाव विकत घेतले म्हणजे नेम विकत घेतला असे होत नाही. उत्तम नळीही चुकीच्या हाताने बसवली तर वाया जाते. काडतुसाची जागा नळीच्या मध्यरेषेत नेमकी हवी. कडेचे काडतूस असल्याने तिच्या कडेच्या जाडीइतकीच, म्हणजे सुमारे १.१ मिलिमीटर जागा मोकळी हवी; आणि गोळी पुढे सरकताना खाचांना हलकेच भिडली पाहिजे. म्हणून विक्रेत्यापेक्षा बसवणाऱ्याची चौकशी अधिक करावी. त्याने आधी बसवलेल्या दोन रायफलींचे चाचणीचे कागद मागावेत. न दाखवणाऱ्याकडे जाऊ नये.

येथे कायद्याचे भान सुटता कामा नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याने अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही घेतले आहेत. म्हणजे सुटी नळी ही लोखंडी पाइप नव्हे, ते अग्निशस्त्रच आहे. ती परवान्याशिवाय आणता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, आणि परवानाधारक शस्त्र-कारागिराखेरीज कोणाकडून बसवून घेता येत नाही. नळी आखूड करण्याविषयी त्याच कायद्यात स्वतंत्र कलम आहे. ओळखीच्या गाळेवाल्याने ‘तोंड जरा घासून देतो, चहाच्या पैशात’ असे प्रेमाने म्हटले, तरी नकार द्यावा. त्याच्या हातातले कौशल्य खरे असेल, पण गुन्हा त्याचाही आणि मुलीचाही होईल आणि परवान्यासोबत तिचा खेळही जाईल.

दहा मीटरच्या एअर रायफलीत हा विचार करण्याची वेळ क्वचितच येते. तेथे दहाचा बिंदू अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, तरीही २००४ मध्ये क्वालालंपूरला सुमा शिरूर यांनी ४०० पैकी ४०० गुण घेतले. तेथे नळी बदलण्यापेक्षा तिला मानवणारे छर्रे शोधणे हाच मार्ग. नवशिक्याने आपली पहिली दोन-तीन वर्षे येथेच घालवावीत.

नळी बसवून आल्यावर पहिल्याच दिवशी स्पर्धेला जाऊ नये. एक वही घ्यावी. पहिल्या पानावर नळीचा क्रमांक, बसवल्याची तारीख, परवान्यावर झालेली नोंद; पुढे प्रत्येक लॉटचा क्रमांक आणि त्याखाली शिकंज्यातील वर्तुळाचे मिलिमीटर. त्याच पानावर शेजारी मुलीच्या हातून पडलेल्या वर्तुळाचे मिलिमीटर. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हे दोन रकाने भरत जाऊ द्यावेत.