आई कुणाच्या अंगात येते?

नवरात्रात कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर ढोल घुमू लागला की एखाद्या पुरुषाच्या अंगात देवीचं वारं येतं, आणि तेवढी घटका गावकरी त्याला ‘आई’ म्हणून हाक मारतात. देह बाप्याचा, बोलते ती आई, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अंगात देव घेणाऱ्या परंपरांमध्ये पुरुषपण-बाईपण देहाला कायमचं जखडलेलं नसतं, असं माझं म्हणणं आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांनी ब्राझीलच्या बाहिया प्रांतात कांदोंब्ले हा पंथ जपला. तिथे शांगो हा विजेचा, गडगडाटाचा पुरुषदेव बाईच्या अंगात येतो आणि तिच्या देहातून नाचतो. तिथली काही जुनी, मानाची देवस्थानं पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्याच हाती आहेत.

आफ्रिकेशी आपलं नातं त्याहून जवळचं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या जंजिऱ्यावर १९४८ पर्यंत सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, नवाबांचं राज्य होतं. नवाबांच्या दरबारापेक्षा मला गुजरातेतल्या गरीब सिद्दी फकिरांची परंपरा जास्त बोलकी वाटते. भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर या आफ्रिकी पिराचा दर्गा आहे. कथा अशी, की तिथल्या माखणदेवीपुढे बावा गोरचं काही चालेना. तिला हरवलं ते त्याच्या बहिणीनं, माई मिस्रानं. म्हणून टेकडीवर माईचंही स्वतंत्र ठाणं आहे. सिद्दींच्या धमाल या नाचात नारळाच्या करवंटीचा जो खुळखुळा वाजतो, त्यालाही तिचंच नाव आहे. हा सगळा सूफी पंथाचा वारसा, त्यात आफ्रिकेचं काय, असं कुणी विचारेल. पण मुगरमान ढोल, मलुंगा हे धनुष्यासारखं वाद्य आणि तालावर अंगात येणारे पूर्वज-पीर सूफी चौकटीत राहूनही आफ्रिकेची आठवण सांगतात.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: वारं उतरलं की बाई पुन्हा चुलीपाशीच जाते, मग तिच्या पदरात काय पडलं? घरातला हक्क अशानं मिळत नाही, हे मान्यच करायला हवं. तरी जिच्यावाचून पिराचंही काम अडलं, त्या माईचं ठाणं वारं उतरल्यावरही जागेवरच राहतं, आणि बायका आपलं दुखणं घेऊन तिच्याकडे जातात. याला थेट अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणाऱ्यांनी आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नीट वाचावा. अंगात दैवी शक्ती असल्याचं सांगून लोकांना भीती घालणं, धमकावणं, फसवणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. ढोलावर घुमणाऱ्या, कुणाला न नाडणाऱ्या माणसाला मात्र त्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेलं नाही.