घाट उतरण्यापूर्वी

बेळगावहून गोव्यात जाणाऱ्याला सह्याद्री उतरावाच लागतो. चोर्ल्याच्या घाटाने साखळीकडे जा, खानापूर-अनमोडवरून मोल्याकडे जा, किंवा आंबोली उतरून सावंतवाडीमार्गे पुढे जा; वाट कोणतीही धरली तरी शेकडो मीटरांचा उतार वळणावळणांनी पार करावा लागतो. इंदूरहून धुळ्याकडे निघालेल्या प्रवाशालाही मानपूरजवळचा भेरूघाट भेटतोच. आपला मराठी माणूस कोठेही राहत असो, मे महिन्याच्या सुटीत, गणेशचतुर्थीला, नाताळाला वा गावच्या जत्रेला त्याची गाडी एखाद्या घाटाला लागते, आणि सपाटीवर वर्षभर लपून राहिलेले तिचे दोष तेथे अर्ध्या तासात उघडे पडतात. म्हणून गाडीची निगा आणि वाटेतील अडचणी यांविषयी बोलताना मी घाटच डोळ्यांपुढे ठेवणार आहे.

उतारावर गाडीचे काय होते हे प्रथम पाहू. माणसे व सामान धरून १,२०० किलो वजनाची गाडी ६०० मीटर खाली उतरली असे समजा. शाळेतील साधे गणित केले तर या उतरण्यात सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने साधारण २० लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. या ऊर्जेचा काही वाटा वारा घेतो, काही रस्ता घेतो. उरलेली कोठे जाते? चालक सारा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर ती ब्रेकमध्ये जाते. लोखंड तापते, लायनर जळल्याचा वास येतो आणि ब्रेकची पकड कमी होऊ लागते.

आता ब्रेक ऑइलचा विचार करा. हा द्रव हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. डॉट-३ या प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, असा दंडक आहे. ओलावा शोषल्यानंतर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. जुने, ओलावलेले ऑइल तापलेल्या चाकाजवळ उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, परंतु वाफ दाबली जाते. चालक पायाने जोर लावतो, तो जोर बुडबुड्यांतच जिरतो आणि पेडल तळाला टेकते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते की, 'ब्रेक अचानक निकामी झाल्याने' गाडी दरीत कोसळली. श्रोतेहो, त्या वाक्यातील 'अचानक' हा शब्द बहुधा खरा नसतो. ऑइल दोन-दोन वर्षे जुने होत होते, वास येत होता, पेडल मऊ लागत होते. गाडी सांगत होती. ऐकणारे कोणी नव्हते.

गाडीचे म्हणणे ऐकणाऱ्या एका बाईंची गोष्ट मोटारीच्या अगदी आरंभकाळातील आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ या आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतील मानहाइम गावाहून फोर्त्सहाइमला, आपल्या आईकडे निघाल्या. पती कार्ल बेंझ यांनी बनवलेली तीनचाकी मोटार त्यांनी पतीला न सांगताच बाहेर काढली होती. वाट शंभर किलोमीटरांची. ना पेट्रोलचा पंप, ना गॅरेज. इंधन संपत आले तेव्हा त्यांनी वीस्लोख येथील औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. इंधनाची नळी चोंदली ती टोपीच्या लांब टाचणीने मोकळी केली. उघड्या पडलेल्या तारेवर मोज्याचा बंद गुंडाळला. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतील एका चर्मकाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. ब्रेकच्या लायनरची कल्पना तेथूनच निघाली असे सांगतात. बाई काही कारागीर नव्हत्या. परंतु यंत्र कशाने चालते आणि कशाने अडते, एवढे त्यांना ठाऊक होते. तेवढेच ज्ञान आपणांपैकी प्रत्येकाला पुरेसे आहे.

ते ज्ञान घरीच, प्रवासाच्या आदल्या दिवशी उपयोगात आणावे. पहाटे निघताना घाई असते. आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटे सहज मिळतात. गाडी सपाट जागी उभी करावी आणि इंजिन थंड होऊ द्यावे. पट्टी बाहेर काढून पुसावी, पुन्हा घालून इंजिनातील तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहावे. कूलंटची पातळी बाहेरील टाकीवरील खुणांवरून दिसते. ब्रेक ऑइलच्या डबीत पातळी उतरली असेल तर नुसते वर ओतून समाधान मानू नये. ते का उतरले हे मेस्त्रीला विचारावे, आणि सामान्यतः दोन वर्षांनी ते संपूर्ण बदलून घ्यावे. गाडी हलवल्यावर जमिनीवर ओला डाग दिसला तर तो पाण्याचा आहे की तेलाचा हे बोटाने पाहावे. एअर कंडिशनरचे स्वच्छ पाणी गळणे स्वाभाविक आहे. चिकट वा रंगीत डाग मात्र तक्रार सांगतो.

टायरकडे तर विशेष पाहावे. तळहाताएवढ्या चार जागा, एवढाच काय तो गाडीचा रस्त्याशी संबंध असतो. हवा टायर थंड असताना मोजावी. किती हवी तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. खाच झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली, म्हणजे तिची खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलण्याची वेळ झाली. पावसाळ्यात याला अधिकच महत्त्व. कारण खाचा पाणी बाजूला सारतात, आणि त्या नसल्या तर चाक पाण्यावर तरंगते. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. '२३२२' असे लिहिले असेल तर तो टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातील समजावा. शेवटी स्टेपनीतील हवाही तपासावी. पुष्कळ घरी स्टेपनीची आठवण फक्त पंक्चरच्या वेळी होते! काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी दुरुस्तीचा संच असतो. तो कसा वापरावा हे आधीच वाचून ठेवावे.

आता घाटात उतरू. नियम एकच आहे: वेग ब्रेकने नव्हे, गिअरने आवरावा. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्यावी. ब्रेक मधून मधून, नेटाने लावावा व सोडून द्यावा. पाय सतत टेकवून ठेवू नये. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे ही काटकसर नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीची मोटर उतारावर वेग आवरते व बॅटरी भरते. परंतु बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर हा आधार कमी मिळतो. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी उतरण्यापूर्वी ती काठोकाठ भरू नये. आणि अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

जळका वास आला तर रुंद जागा पाहून थांबावे, गिअरमध्ये गाडी ठेवून चाकांना दगड लावावेत आणि ब्रेक निवू द्यावेत. त्यांवर थंड पाणी ओतू नये. पेडल तळाला गेलेच, तर ते भराभर दाबून सोडून पाहावे. एकेक गिअर खाली आणावा. हॅण्डब्रेक एकदम न खेचता थोडा थोडा ओढावा. बटणाचा हॅण्डब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत ते बटण धरून ठेवल्यास वेग कमी होऊ लागतो. आपल्या गाडीची पुस्तिका आधीच पाहून ठेवावी. चावी काढू नये, कारण स्टिअरिंग अडकते. हॉर्न वाजवीत, दिवे लावून गाडी डोंगराच्या बाजूला घासत न्यावी. पत्रा दुरुस्त होतो.

चढावर दुसरी अडचण येते. उष्णतेचा काटा लाल रेघेकडे जाऊ लागला की एअर कंडिशनर बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा. तो इंजिनाची काही उष्णता बाहेर काढतो. तरीही काटा उतरला नाही तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांवरही ते उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. किमान अर्धा तास थांबावे, इंजिन निवल्याची खात्री करावी, मग जाड फडके घेऊन झाकण सावकाश सैल करावे.

पावसाळ्यात आंबोलीसारख्या घाटात धुके दाटते. तेथे दिवे खाली पाडावेत, वेग कमी करावा. चालत्या गाडीचे चारही इशारादिवे लावू नयेत, कारण मागच्याला आपण वळणार की थांबणार ते कळत नाही. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सुरू करण्याचा हट्ट धरू नये. पाणी आत शिरले असेल तर दट्ट्याला ते दाबता येत नाही, आणि इंजिनाचे दांडे वाकतात. माणसांनी उतरावे आणि गाडी ओढून काढावी.

पंक्चर झाले तर ब्रेक जोराने दाबू नये. स्टिअरिंग घट्ट धरून वेग आपोआप उतरू द्यावा आणि गाडी सपाट, कडेच्या जागी न्यावी. उतारावर जॅक लावू नये. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत, मगच गाडी उचलावी. जॅकवरील गाडीखाली हात वा डोके घालू नये. नट आवळताना समोरासमोरचे आवळावेत.

परंतु, श्रोतेहो, या सर्व युक्त्यांपेक्षा एक गोष्ट मोठी आहे. टायर फुटल्याने जितके नुकसान होत नाही, तितके फुटलेला टायर पाहत रस्त्यावर उभे राहिल्याने होते. मागून येणाऱ्याला वळणाआडची गाडी दिसत नाही. म्हणून गाडी थांबताच प्रथम चारही इशारादिवे लावावेत. माणसांना डोंगराच्या बाजूने उतरवून रस्त्याबाहेर, गाडीपासून दूर उभे करावे. मुलांना एकाने हाताशी धरावे. मग तांबडा त्रिकोण मागे निदान पन्नास पावलांवर, आणि वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण्यापूर्वी दिसेल असा ठेवावा. हे झाल्यावरच बोनेट उघडावे. संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक लक्षात असावेत. घाटात फोन लागेलच असे नाही; म्हणून निघण्याची वेळ व वाट घरी सांगून जावे.

आणि अडचणीतली गाडी दुसऱ्याची असेल तर? पोलीस आणि न्यायालयाच्या फेऱ्यांच्या भीतीने अनेकजण पुढे निघून जात. आता ते कारण उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यास संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. त्याला स्वतःचे नाव-गाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. ओल्या रात्री घाटात थांबलेल्या गाडीजवळ कोणी हात दाखवला, तर सुरक्षित जागी थांबा. निदान पुढच्या नाक्यावर निरोप द्या.

खंडेनवमीला आपण गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतो. कोणी समोर लिंबू-मिरची बांधतो, कोणी गणपती बसवतो. आम्हां ख्रिस्ती घरांत प्रवाशांचा रक्षक मानलेल्या संत ख्रिस्तोफरचे पदक काचेजवळ लटकते. ही श्रद्धा चांगलीच आहे. तिच्याबरोबर त्याच दिवशी टायरची हवा, ब्रेक ऑइल आणि स्टेपनी पाहण्याची रीत घराघरांत पडावी, आणि मुलामुलींनाही ती दाखवावी. देवाने राखण करावी अशी प्रार्थना ज्यांच्यासाठी करावयाची, ती माणसे त्याच गाडीत बसणार असतात.