वाळू, चुना, तांबे आणि एक निळा रंग



टीव्हीचा रिमोट आपण रोज हाताळतो. त्याच्या टोकाला एक बारीकसा दिवा असतो. बटण दाबले तरी तो पेटलेला आपल्याला दिसत नाही. पण मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरून पाहा. बऱ्याच मोबाइलमध्ये तो लुकलुकताना दिसेल. हा अवरक्त प्रकाश, आपल्या नजरेच्या पलीकडचा. असाच न दिसणारा प्रकाश सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने बनवलेल्या एका रंगातूनही बाहेर पडतो. 'इजिप्शियन ब्लू' हे त्याचे आजचे नाव. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

आभाळ निळे, समुद्र निळा. पण मुठीत धरून कुटावा असा निळा रंग निसर्गात फार थोडा. तांबड्यासाठी गेरू आहे, काळ्यासाठी काजळी आहे, पांढऱ्यासाठी चुना आहे. निळ्यासाठी मात्र लाजवर्दाचा दगड लागे आणि तो यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांतही लाजवर्दाची निळाई आहे. इतक्या दुरून येणारी वस्तू महागच असणार. इजिप्तच्या कारागिरांनी यावर तोड काढली. निळा रंग मिळत नाही ना, मग आपणच तो करू! 'घडवलेला लाजवर्द' अशा अर्थाचे नाव त्यांनी त्याला दिले. माणसाने भट्टीत तयार केलेला हा सर्वांत जुना ज्ञात रंग मानला जातो.

साहित्य म्हणाल तर अगदी साधे. वाळू, चुनखडी, तांबे आणि थोडा खार, आपल्या पापडखाराच्या जातीचा. हे सगळे दळून, एकत्र करून साधारण साडेआठशे ते हजार अंश सेल्सिअसला तासन्‌तास भाजायचे. आच कमी पडली तर निळा रंग धरत नाही, फार वाढली तर निळे स्फटिक मोडतात. तापमापक तर नव्हताच. भट्टीच्या ज्वाळेचा रंग पाहून अंदाज बांधायचा. बर्लिनच्या संग्रहालयात राणी नेफरतीतीचा प्रसिद्ध अर्धपुतळा आहे. तिच्या मुकुटाची निळाई याच रंगाची.

पुढे ही विद्या रोमन लोकांकडे गेली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वित्रुवियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने तिची कृती लिहून ठेवली. वाळू आणि खार पिठासारखे बारीक दळा, त्यात तांब्याचा कीस मिसळा, गोळे वळा, वाळवा आणि मडक्यात घालून भट्टीत ठेवा. कृती छान आहे, पण तिच्यात चुन्याचा उल्लेखच नाही! तिथल्या किनाऱ्यावरच्या वाळूतच शंख-शिंपल्यांचा चुना असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे जी गोष्ट हाताशी आपोआप येत होती, ती लिहावी असे कुणाला वाटले नाही.

रोमन साम्राज्य मोडले, कारखाने बंद पडले आणि हा रंग हळूहळू वापरातून गेला. पुढच्या काळातल्या चित्रांत तो क्वचित सापडतो. रोममधल्या राफाएलच्या 'गालातेया' या भित्तिचित्रात तो असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पण रंग करणाऱ्यांची परंपरा तोवर केव्हाच तुटली होती.

१८१४ साली पॉम्पेईच्या उत्खननात या रंगाचे एक भांडे मिळाले. पुढच्याच वर्षी सर हम्फ्री डेव्ही यांनी प्राचीन रंगांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. सोडा, गारगोटीची पूड आणि तांब्याचा कीस तापवून त्यांनी तशाच छटेचा पदार्थ मिळवला होता. मात्र याही यादीत चुना नव्हता. फर्दिनाँ फूके या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हा पदार्थ कॅल्शियम आणि तांब्याचे सिलिकेट असल्याचे दाखवून दिले, तेव्हा कुठे चुन्याला त्याचा मान मिळाला.

आता त्या न दिसणाऱ्या प्रकाशाकडे वळू. या रंगातले तांब्याचे अणू तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि अवरक्त प्रकाश बाहेर टाकतात. अंधाऱ्या खोलीत वस्तूवर फक्त तांबडा प्रकाश पाडायचा आणि फक्त अवरक्त टिपणाऱ्या कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यायचे. सगळे काळे दिसते; जिथे या रंगाचा कण उरला असेल तिथे मात्र पांढरी चमक उमटते. जोव्हानी वेर्री यांनी ही पद्धत ब्रिटिश म्युझियममध्ये वापरली. २००९ मध्ये पार्थेनॉनच्या शिल्पांतल्या आयरिस देवीच्या कमरपट्ट्यावर त्यांना ही चमक दिसली. शतकानुशतके पांढरीशुभ्र म्हणून वाखाणलेली ती शिल्पे मुळात रंगीत होती, याचा तो पुरावा. घासून-पुसून चकचकीत करण्याच्या हौसेत असे किती कण कायमचे गेले असतील!

याच गुणामुळे नवे उपयोगही पुढे येत आहेत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये या रंगाची बारीक भुकटी बोटांच्या ठशांवर वापरून पाहिली. रंगीबेरंगी पृष्ठभागावर साधी भुकटी हरवते, ही मात्र अवरक्तात उठून दिसते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दाखवले की शोषलेल्या उन्हाचा मोठा वाटा हा रंग अवरक्त रूपाने परत फेकतो. त्यामुळे छपरे-भिंती कमी तापू शकतील. जर्मनीत २०२० मध्ये याचे अतिसूक्ष्म पापुद्रे काढून जिवंत वनस्पती आणि फळमाशीचे भ्रूण न्याहाळण्यात आले. २०२५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी बारा वेगवेगळ्या कृतींनी हा रंग करून पाहिला. हजार अंशांच्या आसपास, एक ते अकरा तास. आढळले असे की गडद निळाईसाठी मिश्रणात निळे स्फटिक निम्मे असले तरी पुरते.

श्रोतेहो, वाळू, चुना, तांबे. यातली एकही वस्तू दुर्मीळ नाही. जगातून वाळू संपली नव्हती, तांबेही संपले नव्हते. संपले होते ते फक्त 'कसे करायचे' हे माहीत असलेले हात. आपल्याकडेही घाणीचा चुना मळणारे, त्यात गूळ किती आणि हिरडा किती हे बोटांनी जोखणारे जुने गवंडी आता थोडेच उरले आहेत. 'त्यात काय सांगायचं, सगळ्यांनाच ठाऊक असतं,' असे ते म्हणतील. तेच नेमके विचारून घ्या आणि लिहून ठेवा. वित्रुवियसच्या कृतीतून चुना राहून गेला, तो असाच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)