मुठीत मावणारा कठडा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरचा. आमच्या गावापासून समुद्र दोनशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे मी घरात जहाज बांधायला घेतलंय हे कळलं, तेव्हा गावातल्या मंडळींना हसू आवरेना. 'ऊस सोडून आता बोटी लावणार का?' असं पारावर विचारून झालं. पण हे जहाज पाण्यात सोडायचं नव्हतं, टेबलावर ठेवायचं होतं. लांबी साडेचोपन्न सेंटिमीटर. त्याचं नाव 'रामदास'.

मी आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलं. लेथ, ड्रिल, मायक्रोमीटर ह्यांच्याशी संसार. 2021 साली निवृत्त झालो आणि हात रिकामे झाले. माझी सासुरवाडी अलिबाग तालुक्यातली, रेवसच्या बाजूची. माझ्या सासऱ्यांचे वडील 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोटीवर होते. मामा तेव्हा सात वर्षांचे होते. एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "जावईबापू, तुम्ही एवढी यंत्रं केलीत. ती बोट दिसायची कशी, ते एकदा मला दाखवा की."

'रामदास'ची गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक आहे. लोक जिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, तिची ही बोट. 1936 साली बांधलेली, 179 फूट लांब, 29 फूट रुंद. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती. सकाळी मुंबईहून रेवसला जायला निघालेली बोट वाटेत काशाच्या खडकाजवळ वादळात सापडली. लाटांचं पाणी आत येऊ लागलं, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. देश स्वतंत्र व्हायला महिनाही उरला नव्हता.

मी प्रमाण ठरवलं एकास शंभर. म्हणजे खऱ्या बोटीचा एक मीटर तो माझ्याकडे एक सेंटिमीटर. सांगाडा प्लायवूडचा, वर सागवानाच्या पट्ट्या. धुराडं पितळी नळीचं. हे सगळं चारपाच महिन्यांत जमलं. मग आला कठडा, आणि तिथे मी दीड वर्ष अडकलो.

पहिला कठडा मी आठ दिवसांत करून मोकळा झालो होतो. घरात वीस गेजची तांब्याची तार पडलेली होती, ती कापली, जोडली, पांढरा रंग दिला. लांबून छान दिसत होता. मामा दिवाळीला आले तेव्हा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी कठड्यावरून हलकेच नख फिरवलं आणि म्हणाले, "हा धरायचा कसा? माणसाच्या मुठीत मावायचा नाही."

मी मायक्रोमीटर काढला. तार 0.9 मिलिमीटर. शंभरपट केली तर नऊ सेंटिमीटर जाडीचा नळ! खऱ्या बोटीवर असा कठडा म्हणजे ओंडकाच. मामांच्या नखाला जे कळलं, ते चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या मला कळलं नव्हतं.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. जहाजाच्या मॉडेलवर माणूस नसतो, पण कठडा असतो. आणि कठडा हे माणसाचं माप आहे. तो माणसाच्या कमरेच्या वर येतो, त्याचा नळ मुठीत मावतो, त्याच्या फटीतून माणूस निसटू नये अशी आखणी असते. 1966 सालच्या आंतरराष्ट्रीय करारात हे आकड्यांत लिहिलेलं आहे. कठडा किमान एक मीटर उंच. सगळ्यात खालची फट 230 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, वरच्या फटी 380पेक्षा जास्त नकोत. 'रामदास' ह्या कराराच्या आधीची, पण माणसाची उंची आणि मूठ तेव्हाही हीच होती. म्हणून मी हीच मापं धरली. माझ्या टेबलावर ती झाली दहा मिलिमीटर, 2.3 आणि 3.8. खांबासाठी दीड इंची नळ धरला, आडव्यासाठी एक इंची. म्हणजे खांबाची तार 0.38 मिलिमीटर आणि आडवी तार पाव मिलिमीटर.

अशी तार मिळाली कुठे? इंदापुरात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. शेतीपंपाच्या मोटारी जिथे भरून देतात, तिथे प्रत्येक गेजच्या तारेची रिळं असतात. अठ्ठावीस गेज आणि तेहेतीस गेज, मला हवं ते बरोबर हेच. दुकानदारानं उरलेली तार फुकट दिली. वर विचारलं, "किती हॉर्सपॉवरची आहे?" मी म्हटलं, "वाफेची आहे."

परदेशात हे काम पुष्कळ जण दुसऱ्या रीतीनं करतात. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील थर देतात, त्यावर कठड्याचं चित्र उमटवतात आणि नको असलेला भाग फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवून टाकतात. रेडिओच्या सर्किट प्लेटी ज्या पद्धतीनं होतात तीच ही. मीही करून पाहिलं. कठडा सुबक निघाला, पण पत्र्याचा असल्यामुळे चपटा. एकास साडेतीनशे किंवा त्याहून लहान मॉडेलला ते खपून जातं. एकास शंभरला डोळा फसत नाही. हाताला धरायचा नळ गोलच हवा.

तेव्हा तारच. रिळावरची तार वाकडी असते. तिचं एक टोक व्हाइसमध्ये धरायचं, दुसरं पकडीत, आणि सावकाश ओढायचं. ती किंचित ताणली गेल्याचं हाताला जाणवतं आणि सोडल्यावर सुईसारखी सरळ राहते. मग वरचं इनॅमल पॉलिश पेपरनं खरवडायचं. मी बॅकेलाइटच्या तुकड्यावर जिग केला. खांबांसाठी दर पंधरा मिलिमीटरवर एक खाच, आणि आडव्या तारांसाठी तीन खाचा. एका मजल्याच्या कठड्याला साधारण एक मीटर लांबी, म्हणजे सत्तर खांब. प्रत्येकाला तीन सांधे. दोनशे दहा सांधे, आणि प्रत्येक सांधा बाजरीच्या दाण्यापेक्षा लहान.

इथे माझी खरी फजिती झाली. तांब्यातून उष्णता फार लवकर धावते. दुसरा सांधा करावा तर पहिला सुटायचा. सोल्डरचे गोळे बसले की कठडा मण्यांच्या माळेसारखा दिसायचा. शेवटी आमच्या ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही विस्तवावर धातू नेता. धातू आधी ठेवा, विस्तव मागून येऊ द्या." म्हणजे सांध्यावर फ्लक्सचा थेंब, त्यात सोल्डरचा राईएवढा कण, आणि मग गरम टोक क्षणभर टेकवायचं. झालेल्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा, म्हणजे तो थंड राहतो. मला दिवसाला दहा-बारा सांधे जमू लागले.

काम निम्म्यावर आलं होतं. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी उजनीच्या पाण्यावर वादळी वारं सुटलं. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आमच्या तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला, सहा बुडाले. त्यांत लहान मुलंही होती. दोन दिवस शोध चालला. उजनीचं धरण 1980 साली पूर्ण झालं. त्या पाण्यानं गावांमधले जुने रस्ते गिळले. पलीकडे सोयरीक असलेली माणसं होडीनं जाऊ-येऊ लागली ती अजून जातात. समुद्र लांब आहे असं मी सुरुवातीला म्हणालो, पण बुडायला समुद्र लागत नाही.

त्यानंतर दीड महिना मी टेबलाकडे फिरकलो नाही. ह्या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, असं वाटत राहिलं. खरं सांगायचं तर कठडा बोट उलटण्यापासून वाचवत नाही. तो तोल गेलेल्या एकट्या माणसाला अडवतो. गर्दी एका बाजूला सरकली तर कठडा काही करू शकत नाही. तिथे उपयोगी पडतं ते किती माणसं चढवायची ह्याचं भान, हवा पाहून थांबण्याची तयारी आणि अंगातलं जाकीट. मामांना हे फोनवर बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते खरं. पण आमचे आबा कशाला धरून उभे होते, एवढं तरी मला बघू द्या."

मग उरलेले सांधे पुरे केले. रंग अगदी पातळ, एकच हात. पाव मिलिमीटरच्या तारेवर जाड रंग दिला तर सगळी मेहनत रंगाखाली जाते. 17 जुलै 2025 रोजी मी 'रामदास' मांडीवर घेऊन एसटीनं अलिबागला गेलो. मामांनी पुन्हा नख फिरवलं. ह्या वेळी त्यांनी विचारलं, "रेवसचा किनारा कुठल्या बाजूला दिसत असेल?" मी बोट वळवून दाखवली. ते त्या बाजूच्या कठड्याशी बोट टेकवून बराच वेळ बसले.

श्रोतेहो, तुम्हीही कधी ना कधी होडीत, लाँचमध्ये बसाल. काठाला पोचायची घाई सगळ्यांनाच असते. तरी चढण्याआधी माणसं मोजा, आभाळाकडे पाहा आणि जाकीट मागून घ्या. मागायला लाजू नका.